भाडेपट्ट्यावरचे स्वातंत्र्य आणि कर्जदाराची मुदत

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला सार्वजनिक आयव्यय शिकविताना करदात्याच्या कर्तव्याचा मुद्दा निघाला, की वर्गातील एखादा विद्यार्थी उठून हमखास विचारतो, ‘सर, आपले स्वातंत्र्य नव्व्याण्णव वर्षांच्या करारावर आहे, हे खरे काय?’ पंधरा वर्षांपूर्वी हा प्रश्न क्वचित ऐकू येई. आता तो दरवर्षी येतो, आणि एकटा येत नाही. ‘ज्या सरकारशी मी कोणताही करार केला नाही, त्याचे कायदे मला का लागू व्हावेत?’ हा त्याचा धाकटा भाऊ मागोमाग उभा राहतो. गेल्या वर्षी एका हुशार मुलाने तर तिसराच प्रश्न टाकला. न्यायालये ही वस्तुतः सागरी कायद्याची न्यायालये आहेत, म्हणून भूमीवर राहणाऱ्या जिवंत माणसावर त्यांचा अधिकार चालत नाही, असे त्याने भ्रमणध्वनीवरील एका चित्रफितीत ऐकले होते. सह्याद्री ओलांडल्यावाचून जेथे समुद्र दृष्टीस पडत नाही, त्या कृष्णा-कोयनेच्या काठी हा सागरी कायदा येऊन पोचावा, याचे प्रथम हसू आले.

ते हसू फार दिवस टिकले नाही. मलकापुरातीलच एक परिचित गृहस्थ, एका खाजगी कचेरीत लेखनिक, एके सायंकाळी सतरा पानांचे इंग्रजी उत्तर घेऊन घरी आले. घरबांधणीसाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकले होते, वित्तसंस्थेची नोटीस आली होती, आणि कोणा सल्लागाराने पैसे घेऊन त्यांना हे उत्तर तयार करून दिले होते. इंग्रजी बरोबर आहे की नाही एवढेच त्यांना पाहून हवे होते. त्या सतरा पानांत कर्ज घेतले की नाही, किती फेडले, किती उरले, याविषयी एक ओळ नव्हती. लिहिणारा हा ‘जिवंत मनुष्य’ असून नोटिशीतील नाव हे एका काल्पनिक कंपनीचे आहे, देश अद्याप ब्रिटिश राजमुकुटाच्या ताब्यात आहे, सबब सदर संस्थेस वसुलीचा अधिकार नाही, असा एकूण आशय होता. खाली तांबड्या शाईचा अंगठा. मूळ नोटीस पाहू गेलो, तर तिच्या साठ दिवसांपैकी एकेचाळीस उलटून गेले होते.

म्हणून या समजुतींचा विचार थट्टेवारी न नेता करावयास हवा. आधी भाडेपट्ट्याची गोष्ट घेऊ, कारण आपल्याकडे सर्वांत रुजलेली तीच आहे.

तिच्या मुळाशी एक खरा शब्द आहे: सत्तांतर. १९४७ च्या घडामोडींना ब्रिटिश सरकारने हेच नाव दिले होते. पुढे सेवाग्राम-वर्धा येथून काम करणारे दिवंगत राजीव दीक्षित यांनी देशभर दिलेल्या व्याख्यानांतून, झाले ते स्वातंत्र्य नव्हे, केवळ सत्तांतराचा करार, असे मोठ्या आवेशाने मांडले आणि त्या व्याख्यानांच्या ध्वनिफिती गावोगाव पोचल्या. परंतु या ‘गुप्त’ सत्तांतराचे कागद खुद्द ब्रिटिश सरकारनेच १९७० ते १९८३ या काळात बारा जाडजूड खंडांत छापून विक्रीस ठेवले. त्यांत फाळणीची घाई आहे, संस्थानिकांची ओढाताण आहे, व्हाइसरॉयच्या तारा आहेत. भाडेपट्टा मात्र नाही.

कायद्याचा क्रम तर अगदी उघड आहे. भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याला १८ जुलै १९४७ रोजी राजसंमती मिळाली. अवघी वीस कलमे. त्याने दोन स्वतंत्र अधिराज्ये निर्माण केली आणि पुढची सुमारे अडीच वर्षे इंग्लंडचा राजा हा भारताचा नाममात्र प्रमुख राहिला, हे खरे. या गैरसमजात सत्याचा जो कण आहे तो एवढाच. या अडीच वर्षांतच, ऑक्टोबर १९४९ मध्ये, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी अपिले बंद झाली. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले आणि त्याच्या ३९५ व्या अनुच्छेदाने १९४७ चा तो स्वातंत्र्याचा कायदाच रद्द केला. भाडेकरूने मालकाचा करारनामा स्वतःच फाडून टाकावा आणि मालक म्हणून घरात राहावे, असा भाडेपट्टा कोठे असतो काय? कराडच्या न्यायालयाच्या आवारात बसणारा कोणताही मुद्रांक-विक्रेता याचे उत्तर देईल.

राष्ट्रकुलाचे सदस्यत्व हे गुलामीचे दुसरे गमक म्हणून सांगितले जाते. २८ एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्याने भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहील असे ठरले. राजा हे केवळ त्या स्वेच्छेच्या सहवासाचे प्रतीक. त्याच्याशी निष्ठेचा संबंध उरला नाही. संविधान सभेत मे महिन्यात यावर चर्चा झाली, विरोधही झाला. त्याच एप्रिल महिन्यात आयर्लंड राष्ट्रकुलातून बाहेर पडले. पाकिस्तान १९७२ मध्ये बाहेर पडले आणि १९८९ मध्ये परत आले. दावणीची गुरे अशी आपल्या मर्जीने ये-जा करीत नाहीत. आमच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात राष्ट्रकुल नागरिकाच्या दर्जाचे एक कलम होते खरे. तेही २००३ च्या दुरुस्तीने गाळण्यात आले.

मग नव्व्याण्णव हा आकडा आला कोठून? हाँगकाँगच्या उत्तरेकडील मुलूख ब्रिटनने १८९८ मध्ये चीनकडून नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने घेतला होता आणि १९९७ मध्ये तो परत करावा लागला. ही बातमी आपल्याकडे गाजली होती. त्याशिवाय नव्व्याण्णव आणि नऊशे नव्व्याण्णव वर्षांचे पट्टे आपल्या शहरांतून, औद्योगिक वसाहतींतून, सहकारी गृहसंस्थांच्या कागदांतून सर्वांच्या परिचयाचे आहेत. ज्याने आयुष्यभर जमीन पट्ट्याने दिली-घेतलेली पाहिली, त्याला देशही पट्ट्यानेच मिळाला असेल असे वाटणे अगदीच अस्वाभाविक नाही. शिवाय अनुच्छेद ३७२ ने जुने कायदे चालू ठेवले. कराराचा कायदा १८७२ चा, मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा. इंग्रज गेला, मग त्याचा कायदा का राहिला, हा प्रश्न विद्यार्थी विचारतात तेव्हा तो रास्तच असतो. वाडा ताब्यात आला म्हणून कोणी पहिल्याच दिवशी भिंती पाडीत नाही, गरजेप्रमाणे एकेक बदलतो, एवढेच त्याचे उत्तर. १८६० ची दंडसंहिता बदलून नवी येण्यास १ जुलै २०२४ हा दिवस उजाडावा लागला, ही दिरंगाई खरी. परंतु दिरंगाई म्हणजे दास्य नव्हे.

सागरी कायद्याची गोष्ट अगदी निराळ्या जातीची आहे. ती सर्वस्वी परदेशातून आलेली असून इंग्रजी शब्दांच्या ध्वनिसाम्यावर उभी आहे. ‘सिटिझनशिप’ या शब्दाच्या अखेरीस ‘शिप’ येते, म्हणून नागरिक हा जहाजावरचा माल. ‘बर्थ’ म्हणजे जन्म आणि ‘बर्थ’ म्हणजे गोदीत जहाज लागण्याची जागा, म्हणून जन्मदाखला ही मालाची पावती. न्यायालयातील आरोपीच्या पिंजऱ्याला ‘डॉक’ म्हणतात, म्हणून न्यायालय हे बंदर. याच पंथाचे दुसरे प्रमेय असे, की सरकारी कागदावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलेले नाव हे तुमचे नसून तुमच्या नावे उभ्या केलेल्या बुजगावण्याचे असते. हा सारा वेदान्त मराठीत आणू गेल्यास कोलमडतो. नागरिकत्वात जहाज नाही, जन्मदाखल्यात बंदर नाही, आणि देवनागरीत मोठी-लहान अक्षरेच नाहीत! जे सत्य भाषा बदलताच नाहीसे होते त्याला कायदा कसे म्हणावे?

खरा सागरी कायदा काय करतो, हे गोव्याच्या एका खटल्यावरून नीट दिसते. ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ हे परदेशी मालकीचे जहाज फेब्रुवारी १९८४ मध्ये गोव्यातील एका कंपनीचा माल घेऊन मुरगाव बंदरातून निघून गेले. कंपनीचे म्हणणे असे, की जहाजाने मालाच्या रीतसर पावत्या दिल्या नाहीत आणि माल पलीकडे परस्पर सोपविला. जहाजाचा मालक परदेशात, भारतात त्याची कचेरी नाही. अशा वेळी दावा खुद्द जहाजावर लावता येतो आणि बंदरात सापडताच जहाजाला अटक करता येते. पुढे विशाखापट्टणमला लागलेले हे जहाज आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशाने तसे अडकविण्यात आले. मालकाने बचाव घेतला, की भारतीय न्यायालयांचा सागरी अधिकार १८६१ च्या ब्रिटिश कायद्याइतकाच आहे आणि तो बाहेर जाणाऱ्या मालास लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये हा बचाव फेटाळला. स्वतंत्र देशाच्या उच्च न्यायालयाचा अधिकार जुन्या वसाहतकालीन कायद्याच्या चौकटीत कोंडून ठेवता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. हे जुने कायदेही २०१७ च्या नव्या सागरी दावे कायद्याने रद्द झाले आणि तो कायदा १ एप्रिल २०१८ पासून अमलात आहे. थोडक्यात, आपण अजून ब्रिटिश सागरी कायद्याखाली आहोत हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापुढे खरोखर झाला होता. फरक एवढाच, की तो करणाऱ्याजवळ जहाज होते.

‘मी करार केलेला नाही’ हा जो उरलेला मुद्दा, त्याचाही सोक्षमोक्ष गोव्याच्याच भूमीवर लागलेला आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मार्च १९६२ च्या आदेशाने तेथील रहिवासी भारताचे नागरिक ठरले. परंतु ज्यांना पोर्तुगीजच राहावयाचे होते त्यांना एक महिन्याच्या आत तसे लिहून देण्याची मुभा होती. मोंतेरो नावाच्या एका कॅथलिक धर्मगुरूंनी तसे लिहून दिले. त्यांना राहण्याचा परवाना मिळाला, त्याची मुदत नोव्हेंबर १९६४ मध्ये संपली, वाढवून मागण्यास त्यांनी नकार दिला आणि देश सोडण्याचा हुकूमही मानला नाही. खटला झाला. गोवा हा युद्धाने व्यापलेला प्रदेश आहे, जिनिव्हा करारानुसार व्यापलेल्या प्रदेशातील रहिवाशाला हुसकता येत नाही, हा त्यांचा बचाव. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा सविस्तर विचार केला आणि गोव्याचे सामीलीकरण पूर्ण झाल्यावर व्याप्तीची अवस्था संपली, असे म्हणून तो अमान्य केला. या धर्मगुरूंचा बचाव टिकला नाही, तरी त्यांच्याविषयी आदर वाटतो. त्यांनी आपली निवड मुदतीत लिहून दिली, तिचा परिणाम भोगला, आणि जो युक्तिवाद केला तो खऱ्या आंतरराष्ट्रीय करारावर आधारलेला होता. एका देशाचे नागरिकत्व नाकारणे म्हणजे दुसऱ्या देशाचे पत्करणे होय, हे त्यांना ठाऊक होते. आजच्या चित्रफितींतील ‘जिवंत मनुष्य’ कोणत्याच देशाचा नसतो. त्याला रस्ता, रेशन आणि नळाचे पाणी मात्र हवे असते. आमच्या मलकापूरने चोवीस तास पाण्याची योजना राबविली ती नळाला मीटर बसवून. दर महिन्याचे ते बिल मलकापूरकर भरतात ते काही स्वतंत्र भारताशी करार केला म्हणून नव्हे.

हा पंथ मुळात कोणत्या जमिनीत उगवला, हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९७० च्या सुमारास ‘पॉसी कॉमिटॅटस’ या नावाने काही टोळकी निघाली. त्यांची शिकवण प्रारंभी फारशी कोणी ऐकली नाही. नंतर १९७९ पासून तेथील मध्यवर्ती बँकेने भाववाढ रोखण्यासाठी व्याजाचे दर चढू दिले. त्याआधीच्या तेजीत शेतकऱ्यांनी जमिनी तारण ठेवून भरमसाट कर्जे उचलली होती. व्याज चढले, जमिनीच्या किमती कोसळल्या, आणि १९८० नंतरच्या दशकात हजारो शेते लिलावात निघाली. तेव्हा गावोगाव सल्लागार हिंडू लागले. सरकारने १९३३ मध्ये सोन्याचे चलन सोडले तेव्हा नागरिकांना तारण ठेवले, तुमच्या जन्माबरोबर तुमच्या नावे एक गुप्त खाते उघडले गेले आहे, अमुक नमुन्याचा कागद भरा आणि त्या खात्यातून कर्ज फेडा, असा त्यांचा मंत्र. शेते वाचली नाहीत, सल्लागारांचे शुल्क तेवढे गेले. १९९६ मध्ये मोंटाना राज्यात अशाच एका गटाला पोलिसांनी ८१ दिवस वेढा घातला होता. कॅनडात २०१२ मध्ये न्यायमूर्ती रूक यांनी एका साध्या घटस्फोटाच्या प्रकरणात हे सारे युक्तिवाद एकेक करून तपासले. निकालपत्र सातशेहून अधिक परिच्छेदांचे झाले. यांपैकी एकही युक्तिवाद न्यायालयात टिकत नाही, आणि हे विकणारे लोक आपल्याच गिऱ्हाइकांना बुडवितात, असा त्याचा सारांश.

आपल्याकडे या समजुतीने रक्तही सांडलेले आहे. मथुरेच्या जवाहर बागेत २०१४ पासून ठाण मांडलेल्या ‘स्वाधीन भारत’वाल्यांची मागणी होती, की निवडणुका रद्द कराव्यात, आझाद हिंदचे चलन आणावे आणि एका रुपयात साठ लिटर डिझेल द्यावे. २ जून २०१६ रोजी त्यांना हटविताना दोन पोलीस अधिकाऱ्यांसह वीसहून अधिक माणसे मेली. आपल्या नंदुरबारला लागून असलेल्या गुजरातच्या तापी जिल्ह्यात आदिवासींचा सती-पती पंथ आहे. त्याचे अनुयायी स्वतःलाच देशाचे मूळ मालक आणि सरकार मानतात, मतदान करीत नाहीत, सरकारी ओळखपत्रे परत करतात. या पंथाविषयी मथुरेइतक्या सहजपणे लिहिता येत नाही. ज्यांची जंगले आणि जमिनी खरोखरच कागदाच्या बळावर गेल्या, त्यांनी कागदाचा उलटा मंत्र शोधला तर त्यांना मूर्ख म्हणण्याचा अधिकार आपणास नाही.

कागदाची ही ताकद सातारकरांना नव्याने सांगावयास नको. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य दिले आणि १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस धाडले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते हा तह हाती घेऊन विलायतेला गेले. सुमारे चौदा वर्षे ते लंडनमध्ये राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत भाषणे केली, पत्रके छापली, जॉर्ज थॉम्प्सनसारखे इंग्रज मित्र मिळविले. महाराज १८४७ मध्ये वारले, १८४८ मध्ये राज्य खालसा झाले, तरी हा मनुष्य हटला नाही. अखेर तो रिक्त हस्ताने परतला, आणि १८५७ मध्ये त्याच्या मुलाला साताऱ्यात फाशी झाले. रंगो बापूजींचा कागद अस्सल होता. त्यावर कंपनीच्या सही-शिक्क्यांखेरीज आणखी काही नको होते. नव्हते ते एकच: कंपनीला उत्तर देण्यास भाग पाडील असे न्यायासन. ते प्रजानन होते, नागरिक नव्हते.

त्यानंतर शंभर वर्षांनी याच जिल्ह्यात नाना पाटलांच्या प्रतिसरकारने इंग्रजांचा कायदा खरोखर नाकारला. १९४३ ते १९४६ या काळात न्यायदान मंडळे चालविली, दरोडेखोरांना जरब बसविली, सावकारांचे कागद तपासले. इंग्रजी राज्य अवैध आहे म्हणून त्याची गोळी लागणार नाही, असे त्यांच्यातील कोणी मानले नाही. भूमिगत राहून, घरदारावर जप्ती येऊ देऊन त्यांनी तो नकार निभावला. आजच्या काळात याला जुळणारे उदाहरण द्यावयाचे तर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाचे द्यावे लागेल. ‘दिल्ली-मुंबई आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा वरवर पाहता सती-पती पंथाच्या जवळची वाटते. परंतु त्या गावाने २००६ चा वनहक्क कायदा वाचला, पुरावे जमविले, २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक खुद्द केंद्रीय मंत्र्याच्या हातून ग्रामसभेच्या स्वाधीन करून घेतले.

आता आमच्या लेखनिक मित्रांच्या नोटिशीकडे वळू. ती २००२ च्या सरफेसी कायद्याची होती. या कायद्याने बँकेला न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेता येते. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० रोजी सहकारी बँकांनाही हा अधिकार असल्याचा निर्णय दिला, त्यामुळे आपल्या भागातील फार मोठा कर्जदारवर्ग या कायद्याखाली आला आहे. कायदा कठोर आहे यात संशय नाही. पण त्याच कायद्यात कर्जदाराच्या बाजूनेही काही लिहिलेले आहे. साठ दिवसांच्या मुदतीत लेखी हरकत घेतल्यास बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावेच लागते. ताब्याची कारवाई झाल्यास पंचेचाळीस दिवसांत ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. शेतजमिनीवरील तारणाला हा कायदा लागू नाही. मात्र जमीन प्रत्यक्ष शेतीखाली असावी लागते, नुसती सातबाऱ्यावरची नोंद पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. दिवाणी दाव्यातही समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत, फार तर नव्वद दिवसांत, कैफियत द्यावी लागते. हुकूमनामा झाला तरी दरखास्तीत शेतकऱ्याची औजारे, बैल, बियाणे, राहते घर जप्त करता येत नाही. आणि पगारदाराच्या पगारातील पहिले हजार रुपये व उरलेल्याचे दोन-तृतीयांश जप्तीपासून मोकळे असतात. सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहून झोप गमावलेल्या किती शिक्षकांना ही शेवटची गोष्ट ठाऊक आहे?

सतरा पानांच्या उत्तराचा खरा तोटा येथे आहे. ते निरर्थक आहे एवढ्याने भागत नाही. ते मुदत खाऊन टाकते. हरकतीत मांडण्यासारखे जे काही असेल ते मांडले जात नाही, दिवस संपतात, आणि मग खरोखरच कोणताही कायदा उपयोगी पडत नाही.

असे कागद विकत घेतले जातात याचा दोष मात्र सर्वस्वी घेणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही. राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी करण्यात आली त्याला आता पाव शतक उलटले. बिगर-बँक वित्तसंस्थांनी कर्जदाराशी त्याला समजणाऱ्या भाषेत पत्रव्यवहार करावा असा रिझर्व्ह बँकेचाही दंडक आहे. तरीही या मित्रांची नोटीस चार पाने दाट इंग्रजीत होती, आणि तिच्यातील कलमांचे आकडे त्यांना सल्लागाराच्या मंत्रांइतकेच अगम्य होते. दोन अगम्य कागदांपैकी जो आशा दाखवितो तो माणूस उचलतो. पतसंस्थेच्या थकबाकीदाराची स्थिती आणखी बिकट. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध फेरतपासणी मागावयाची, तर कलम १५४ प्रमाणे निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ज्याच्याजवळ निम्मी रक्कम असती त्याच्यावर दाखला निघाला असता काय? हा प्रश्न विधिमंडळात विचारला जावयास हवा. नव्व्याण्णव वर्षांच्या कराराचे कुतूहल घेऊन वर्गात बसलेल्या मुलांनी तो विचारला तर अधिक बरे.

त्या सायंकाळी आम्ही दोघांनी बसून सतरा पाने बाजूला ठेवली आणि संस्थेचा खातेउतारा मागविला. उताऱ्यात थकलेल्या हप्त्यांवर दंडव्याज लावून ते मुद्दलात मिळविलेले दिसले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दंडव्याजाची ही पद्धत बंद करून केवळ दंडात्मक शुल्कास परवानगी दिली आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज आकारण्यास मनाई केली. १ एप्रिल २०२४ पासून ती सूचना अमलात आहे. दीड पानाची मराठी हरकत चव्वेचाळिसाव्या दिवशी पोच घेऊन देण्यात आली. तेराव्या दिवशी उत्तर आले. दंडव्याजाचा हिशेब पुन्हा करण्याचे संस्थेने मान्य केले आहे. मूळ थकबाकी अर्थातच कायम असून हप्ते बांधून देण्याची बोलणी अद्याप चालू आहेत.